हार्टचं ऑपरेशन झालंय आणि बाळ हवंय? मग हे आधी करा

माझ्या छातीत मेटलचा मायट्रल व्हॉल्व्ह (हृदयाच्या डाव्या बाजूची झडप) आहे, २१ व्या वर्षी बसवलेला. लहानपणी घसा धरायचा, ताप यायचा, मग गुडघे-घोटे सुजायचे, घरचे म्हणायचे वाढीचं दुखणं आहे, ते सगळं अंगावर काढलं आणि त्या संधिवाताच्या तापाने व्हॉल्व्ह खाल्ला. लग्नानंतर दोन वर्षांनी किटवर दोन रेघा आल्या तेव्हा मी आधी गावातल्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी असिट्रॉमची, म्हणजे माझ्या रक्त पातळ करायच्या गोळीची, पट्टी बघितली आणि म्हणाले ही गोळी बाळाला वाईट, आजपासून बंद. बस एवढंच, बदल्यात काहीच दिलं नाही. मी पण लगेच बंद केली, बाळासाठी कोण करणार नाही? चार दिवसांनी सहज म्हणून जिथे ऑपरेशन झालं तिथल्या सिस्टरना आनंदाची बातमी द्यायला फोन केला, तर त्या एकदम गप्प झाल्या आणि म्हणाल्या, "बाई गं, आत्ताच्या आत्ता निघ." रात्रीच्या एसटीने गेलो, आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारी टेस्ट) १.३ आलेला, माझा पाहिजे होता २.५ ते ३.५ मध्ये. लगेच ॲडमिट, हेपरिन म्हणजे रक्त पातळ करायचं इंजेक्शन सुरू, इको (हृदयाची सोनोग्राफी) केला, व्हॉल्व्हवर रक्ताची गाठ नव्हती. आज माझी लेक बालवाडीत जाते. पण ते चार दिवस आठवले की अजून हातपाय गार पडतात, म्हणून हे सगळं लिहितेय, ज्या कुणाचं ऑपरेशन झालंय आणि घरी आता बाळाचा विषय निघालाय त्यांच्यासाठी.

सगळ्यात पहिलं काम म्हणजे तुमचं नेमकं कुठलं ऑपरेशन झालं ते शोधून काढा. हसू नका, आपल्यातल्या निम्म्या जणींना "हार्टला होल होतं" किंवा "व्हॉल्व्हचं केलं" याच्या पुढे माहीत नसतं, कारण ऑपरेशन झालं तेव्हा आपण लहान होतो आणि फाईल बाबांच्या कपाटात राहिली. ती फाईल माहेरून आणा. डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोट, शेवटचा इको, आणि व्हॉल्व्ह बसवला असेल तर त्याचं छोटं कार्ड मिळतं, त्यावर कंपनी, साईज, नंबर असतो. माझ्या कार्डावर चित्रा व्हॉल्व्ह लिहिलंय, तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने बनवलेला, १९९० पासून बसवतात तो आपल्याकडे. फाईल हरवली असेल तर त्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात जुना केसपेपर नंबर नाहीतर ऑपरेशनचं साल सांगून अर्ज द्या, बऱ्याच ठिकाणी निघतं.

हे एवढं का सांगतेय, तर "हार्ट ऑपरेशननंतर मूल होऊ शकतं का" या प्रश्नाला एक उत्तर नाहीये. माझ्या मावसबहिणीचं व्हीएसडी म्हणजे खालच्या दोन कप्प्यांमधलं होल चौथ्या वर्षी बंद केलेलं, इको एकदम स्वच्छ, प्रेशर नॉर्मल, तिची दोन्ही बाळंतपणं बाकीच्या बायकांसारखीच झाली, नॉर्मल. आणि माझं बघा, नऊ महिने सुई आणि लॅब. डॉक्टर लोक याच्या चार पायऱ्या करतात, जागतिक आरोग्य संघटनेच्या नावाने आहेत त्या. पहिल्या पायरीत एएसडी, व्हीएसडी, पीडीए अशी साधी होलं जी नीट बंद झालीत, धोका जवळजवळ इतरांइतकाच. दुसरीत टेट्रालॉजी म्हणजे निळ्या बाळाचं ऑपरेशन झालेल्या, यांचं बहुतेक वेळा चांगलं होतं पण उजव्या बाजूचा व्हॉल्व्ह गळत असतो आणि ठोके अधूनमधून बिघडतात, ते आधी बघून घ्यावं लागतं. तिसरीत आम्ही मेटल व्हॉल्व्हवाल्या, आणि फॉन्टान झालेल्या, ज्यांचं हृदय एकाच कप्प्यावर चालतं, त्यांच्यात गर्भपात आणि लवकर डिलिव्हरी जास्त होते. आणि चौथी पायरी म्हणजे जिथे डॉक्टर स्पष्ट सांगतात की दिवस जाऊ देऊ नका, फुप्फुसातलं प्रेशर खूप वाढलेलं, हृदयाचं पंपिंग ३० टक्क्यांच्या खाली, मायट्रल परत जोरात आवळलेला, किंवा मार्फान (रक्तवाहिन्या कमकुवत करणारा जन्मजात आजार) असून मुख्य रक्तवाहिनी ४५ मिलिमीटरच्या वर फुगलेली. चौथी पायरी सांगितली तर दुसऱ्या डॉक्टरचं मत जरूर घ्या, पण तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या डॉक्टरकडे हवं ते उत्तर शोधत फिरू नका. काही वेळा बलून करून (आवळलेला व्हॉल्व्ह फुग्याने उघडून) किंवा व्हॉल्व्ह बदलून पायरी खाली आणता येते, ते आधी विचारा.

आता एक अवघड गोष्ट. आपल्याकडे कितीतरी मुलींचं ऑपरेशन सासरी सांगितलेलंच नसतं. स्थळ मोडेल म्हणून गळाबंद ब्लाऊज, काखेत कट असला तर प्रश्नच नाही, आणि मग दिवस गेले की सासूबाईंसमोर डॉक्टरला सांगता येत नाही. माझ्या वॉर्डातल्या एकीने असंच लपवलं होतं, सातव्या महिन्यात आडवं झोपता येईना तेव्हा सगळं बाहेर आलं. मला कुणाच्या घरात भांडण लावायचं नाही, पण निदान नवऱ्याला सांगा, आणि डॉक्टरला तर सांगाच. तपासणीच्या वेळी "मला एकटीला बोलायचंय" म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. छातीवरचा व्रण ही लाजेची गोष्ट नाहीये हो, त्या व्रणामुळेच आपण आज आहोत.

मग दिवस जायच्या आधी, परत सांगते आधी, हृदयाच्या डॉक्टरकडे जाऊन सांगा की आम्हाला बाळाचा विचार करायचाय. ते इको करतील, ईसीजी, गरज वाटली तर चालण्याची टेस्ट. ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर बहुतेक डॉक्टर सहा महिने ते वर्षभर थांबायला सांगतात. दात दाखवून घ्या, किडलेला दात म्हणजे रक्तात जंतू जायचा रस्ता आणि आपल्या व्हॉल्व्हवर ते जंतू घर करतात, दात काढायच्या आधी अँटिबायोटिक लागतं ते डेंटिस्टला आठवण करून द्या. हिमोग्लोबिन बघा, थायरॉईड बघा. फॉलिक ॲसिड सुरू करा. माझ्यासारखा संधिवाताच्या तापाचा आजार असेल तर पेनिसिलीनचं दर २१ दिवसांचं इंजेक्शन प्रेग्नन्सीतही चालू राहतं, ते स्वतःच्या मनाने सोडू नका.

आणि गोळ्यांची पूर्ण यादी दाखवा. एनालाप्रिल, रामिप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन या बीपीच्या किंवा पंपिंगसाठीच्या गोळ्या बाळाच्या किडनीला मारक आहेत, त्या बदलून घ्याव्या लागतात. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन बंद करतात, ठोक्यांची ॲमिओडॅरोन शक्यतो टाळतात, बीपी-ठोक्यांची ॲटेनोलॉल असेल तर बऱ्याचदा मेटोप्रोलॉल देतात. पण बदलणार डॉक्टर, तुम्ही नाही, सासू नाही आणि मेडिकलवाला पण नाही.

आता मेटल व्हॉल्व्हवाल्यांनो, इथे नीट बसून वाचा, कारण आपली खरी लढाई रक्त पातळ करण्याच्या गोळीची आहे. प्रेग्नन्सीत रक्त आपोआप जास्त गोठायला लागतं, निसर्गाने ते बाळंतपणात बाई रक्त जाऊन मरू नये म्हणून केलंय, पण आपल्या मेटलवर त्याचीच गाठ धरते. असिट्रॉम आणि वॉर्फरिन आईचा व्हॉल्व्ह सगळ्यात चांगला सांभाळतात पण वारेतून बाळाकडे जातात, सहाव्या ते बाराव्या आठवड्यात बाळाचं नाक-हाडं बिघडू शकतात, गर्भपाताचा धोका वाढतो. हेपरिन बाळाकडे जात नाही पण व्हॉल्व्ह तितका चांगला सांभाळत नाही. म्हणजे एका बाजूला बाळ आणि एका बाजूला तुम्ही, आणि मध्ये डोस. म्हणूनच तुमचा डोस किती आहे हे फार महत्त्वाचं, वॉर्फरिन रोज ५ मिलिग्रॅमपर्यंत किंवा असिट्रॉम २ मिलिग्रॅमच्या खाली असेल तर बाळाला धोका बराच कमी असतो आणि काही डॉक्टर गोळीच चालू ठेवतात. डोस जास्त असेल तर पहिल्या तीन महिन्यांसाठी बहुधा हेपरिनच्या इंजेक्शनवर नेतात आणि बाराव्या आठवड्यानंतर परत गोळी. दोन्हीतलं काय, हे तुम्ही आणि नवरा डॉक्टरसमोर बसून आधी ठरवा, आणि ठरलेलं फाईलवर लिहून घ्या. पाळी लांबली की किती दिवसांत टेस्ट करायची, पॉझिटिव्ह आली की त्याच दिवशी कुणाला फोन करायचा, हे सुद्धा.

आकडे ऐकायचेत? २०१५ साली हृदयविकार असलेल्या गरोदर बायकांच्या रोपॅक नावाच्या आंतरराष्ट्रीय नोंदणीचा अभ्यास आला, त्यात मेटल व्हॉल्व्हच्या २१२ बायका होत्या. कुठलाही मोठा त्रास न होता जिवंत बाळ हातात आलेल्या ५८ टक्के, टिश्यू व्हॉल्व्हवाल्यांत (मेटलऐवजी प्राण्याच्या ऊतींचा व्हॉल्व्ह) ७९, आणि हृदयविकार आहे पण व्हॉल्व्ह बदललेला नाही अशांत ७८. व्हॉल्व्हवर गाठ ४.७ टक्के जणींना धरली, आणि त्यातल्या निम्म्या जणींना पहिल्या तीन महिन्यांत, म्हणजे नेमकं गोळी काढून इंजेक्शन लावायच्या काळात. माझे ते चार दिवस तिथलेच. म्हणून घाबरून पळू नका, पण "देव बघेल" पण म्हणू नका. आणि ज्यांचं व्हॉल्व्हचं ऑपरेशन अजून व्हायचंय, वय कमी आहे, मूल हवंय, त्यांनी टिश्यू व्हॉल्व्हबद्दल सर्जनला विचाराच, त्याला कायमची असिट्रॉम सहसा लागत नाही, मात्र तरुण वयात तो लवकर झिजतो आणि काही वर्षांनी दुसरं ऑपरेशन ठरलेलं असतं.

आता हेपरिनच्या इंजेक्शनचं सांगते. सकाळी ८ आणि रात्री ८, मी मोबाईलला गजर लावला होता, पहिल्यांदा सिस्टरनी करून दाखवलं मग स्वतःच. बेंबीपासून चार बोटं लांब, पोटाची चिमूट धरायची, सुई सरळ आत, हळू सोडायचं, चिमूट शेवटपर्यंत धरून ठेवायची आणि नंतर चोळायचं नाही, चोळलं की काळंनिळं होतं. तरी माझ्या पोटावर आवळ्याएवढे डाग होतेच. एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे. वजन वाढतं तसा डोस कमी पडायला लागतो, म्हणून अँटी-टेन-ए नावाची टेस्ट दर आठवड्याला, इंजेक्शननंतर चार ते सहा तासांनी रक्त द्यायचं, ही टेस्ट सगळीकडे होत नाही, तुमच्या जवळ कुठे होते ते आधीच विचारून ठेवा. जिथे ती होणारच नाही तिथे नुसत्या वजनावर डोस ठरवून महिनोन् महिने इंजेक्शनवर राहणं चांगलं नाही, हे मला माझ्या डॉक्टरांनी दोनदा बजावलं. गोळीवर असाल तर आयएनआर दर आठवड्याला, जास्तीत जास्त पंधरवड्याला. मेथी, पालक, चवळई, शेपू बंद करू नका, पण एक आठवडा रोज आणि एक आठवडा अजिबात नाही असं करू नका. दुखायला लागलं म्हणून ब्रूफेन-डायक्लो नाही, जुलाबाची मेट्रोजिल स्वतःहून नाही, आणि कुणाचाही काढा नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायच्या आधी आशाताईंना, सिस्टरना सांगा की रक्त पातळ आहे, बारीक सुई आणि नंतर बराच वेळ दाबून धरायचं.

पोट वाढत जातं तसं काय होतं, तर अंगातलं रक्त जवळजवळ ४० ते ५० टक्के वाढतं आणि ते सगळं त्या शिवलेल्या हृदयालाच फिरवायचं असतं. सातव्या-आठव्या महिन्यात हा भार सगळ्यात जास्त. थोडी धाप सगळ्यांनाच लागते, मग आपली कुठली धाप खरी हे कसं ओळखायचं? मी उशा मोजायचे. एका उशीवर झोपणारी तुम्ही तीन उशांवर आलात, रात्री दम घुसमटून उठून खिडकीपाशी बसलात, आडवं पडल्यावर खोकला, चार दिवसांत दोन किलो वजन, ठोके धडधड करून थांबेनात, चक्कर येऊन पडलात, तर सकाळची वाट बघायची नाही. तोंड वाकडं झालं, बोलणं जड झालं, एक हात उचलेना, तर तो पक्षाघाताचा झटका आहे, १०८ लावा. आणि मेटलवाल्यांना एक जास्तीची खूण असते, आपला टिकटिक आवाज. रात्री शांततेत कान देऊन ऐका, तो दबका झाला किंवा येईनासा झाला तर गाठ धरली असू शकते, त्याच मिनिटाला निघा. माझ्या नवऱ्याला रोज रात्री ऐकायची सवयच लागली होती.

पापड, लोणचं, फरसाण कमी, मीठ वरून नाही. रक्त कमी असेल तर हृदयाला दुप्पट काम, लोहाच्या गोळ्या नीट घ्या. दुपारी डाव्या कुशीवर झोपा.

बाळाच्या हृदयाची काळजी तुम्हाला असणारच. तुमचं जन्मजात होल असेल तर बाळाला तसं काही असायची शक्यता साधारण ३ ते ५ टक्के, इतरांत ती १ टक्क्याच्या आसपास असते. मार्फानसारखं असेल तर ५० टक्के. माझ्यासारखं तापाने बिघडलेलं असेल तर ते बाळाकडे जात नाही. जन्मजात असेल तर १८ ते २२ आठवड्यांत फीटल इको करून घ्या, साध्या सोनोग्राफीपेक्षा वेगळा असतो तो. आणि तब्येत बिघडून किंवा बाळात मोठा दोष निघून थांबवायची वेळ आलीच तर कायदा तुमच्या बाजूने आहे, २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, काही परिस्थितीत २४ पर्यंत दोन डॉक्टरांचं, आणि आईचा जीव वाचवायचा असेल तर आठवड्यांची अट नाही. सज्ञान बाईला नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही.

डिलिव्हरी कुठे, हे सातव्या महिन्यापर्यंत पक्कं करा. पहिलं बाळंतपण माहेरी हे ठीक, पण माहेरी हृदयाचा डॉक्टर, भूलतज्ज्ञ, रक्तपेढी आणि बाळाचं आयसीयू एका छताखाली नसेल तर माहेरच्यांनी तुमच्याकडे यावं. पहिल्या पायरीतल्या बायकांना तालुक्याला चालतं, बाकीच्यांनी मेडिकल कॉलेज किंवा मोठं हॉस्पिटल. मुंबईत केईएम, पुण्यात ससून, गोव्यात बांबोळी, अशा ठिकाणी दोन्ही विभाग एकत्र असतात. पैशाचं टेन्शन असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं विचारा, सरकारी दवाखान्यात बाळंतपण आणि सिझर जननी शिशु सुरक्षामध्ये मोफत आहे, आणि दर महिन्याच्या ९ तारखेला मातृत्व अभियानात तज्ज्ञ तपासतात, तिथे कार्डावर जोखमीची माता म्हणून नोंद करून घ्या.

हार्टवाली म्हणजे सिझरच, असं नाही. उलट बहुतेकींना नॉर्मल बरं, रक्त कमी जातं. कंबरेत एपिड्युरल भूल देऊन कळा सोसण्याचा ताण कमी करतात, आणि शेवटी जोर लावायला न सांगता चिमटा किंवा व्हॅक्यूम लावतात. सिझर लागतं ते बाळाच्या कारणाने, रक्तवाहिनी खूप फुगलेली असेल तर, आणि असिट्रॉम चालू असताना अचानक कळा आल्या तर, कारण तेव्हा बाळाचं पण रक्त पातळ असतं आणि बाहेर येताना डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून साधारण ३६ व्या आठवड्याला गोळी काढून हेपरिनवर नेतात आणि तारीख ठरवून ॲडमिट करतात. शेवटचं इंजेक्शन किती वाजता घेतलं ते हातावर पेनाने लिहा, खरंच लिहा, कारण पूर्ण डोसच्या इंजेक्शननंतर २४ तास गेल्याशिवाय कंबरेतली भूल देत नाहीत. वार पडल्यावर रक्त थांबवायला मेथर्जिन देतात, ते बहुतेक हृदयरोग्यांना चालत नाही, फाईलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून ठेवा.

बाळ झालं की घरचे पेढे वाटायला जातात, पण आपला धोक्याचा काळ खरं तर तेव्हाच सुरू होतो. गर्भाशय आवळलं की तिथलं रक्त एकदम हृदयाकडे येतं, अंगावरची सूज पण रक्तात उतरते, पहिले तीन दिवस फुप्फुसात पाणी भरू शकतं. "मला बरं वाटतंय, घरी सोडा" म्हणू नका. अंगावरून जास्त जातंय का ते पॅड मोजून सांगा. असिट्रॉम काही दिवसांनी परत सुरू करतात आणि आयएनआर जागेवर येईपर्यंत इंजेक्शन सोबत चालू ठेवतात. दूध पाजा, वॉर्फरिन असो की हेपरिन, पाजायला चालतं, मी वर्षभर पाजलंय.

सव्वा महिना घराबाहेर पडायचं नाही म्हणतात ना, मी त्या सव्वा महिन्यात पाच वेळा लॅबमध्ये गेले, बाळ आईजवळ ठेवून, कानाला स्कार्फ बांधून. आईला वाईट वाटलं पण आली समजूत. डिंकाचे लाडू खा, बाळंतकाढा मात्र डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. सहाव्या आठवड्याला इको.

आणि दुसऱ्या बाळाची घाई नको. मेटल व्हॉल्व्हवर इस्ट्रोजेन असलेल्या साध्या माला-एनसारख्या गर्भनिरोधक गोळ्या घेऊ नका, त्याने गाठी होतात. तांबी बसवली तर असिट्रॉममुळे पाळीला रक्त जास्त जातं, हार्मोनवाली बसवतात किंवा प्रोजेस्टेरॉनचं काहीतरी देतात, दोन्ही डॉक्टरांना विचारून ठरवा. आम्ही एकच मूल ठरवलं, आणि माझ्या नवऱ्याने स्वतः नसबंदी करून घेतली, बिनटाक्याची, सरकारी दवाखान्यात, तिसऱ्या दिवशी कामावर. त्यानंतर तीन महिने मात्र निरोध वापरावा लागतो, वीर्याची तपासणी कोरी येईपर्यंत.